पानाच्या मागचे तपकिरी ठिपके

अनघा, निखिल,

परवा घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. लीड्सच्या खिडकीतलं अनघाचं फर्न, एक पान उलटं धरलेलं आणि त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके. खाली अनघाचा प्रश्न, "आजी, ह्याला काय झालंय?" मी चष्मा शोधून उत्तर लिहायला बसेपर्यंत टोरांटोहून निखिलचं उत्तर येऊनही गेलं होतं, "रोग आहे. कापून टाक." त्यावर पुन्हा अनघा, "स्पिरिटच्या कापसाने पुसलं. बरंच निघालं."

तुमची आई म्हणते, एवढ्याशा गोष्टीवरून आजी सकाळपासून तणतणतेय. तणतणतेय खरी. हा विषय फोनवर एका बोटाने टाइप करण्याइतका लहान नाही, म्हणून कागद घेतला आहे. तुमचे बाबा ह्याचे फोटो काढून तुम्हाला पाठवतील. अक्षर लागलं नाही तर त्यांना विचारा, पण वाचा.

पहिल्यांदा कामाचं सांगते. तो रोग नाही. फर्नला, आपल्या मराठीत ज्याला नेचा म्हणतात त्याला, फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही. त्याचा वंश पानाच्या पाठीवर असतो. प्रत्येक ठिपका म्हणजे इवल्या पिशव्यांचा पुंजका, आणि प्रत्येक पिशवीत पुडीत बांधल्यासारखे बीजाणू. झाड वयात आलं, जागा मानवली, पाणी पुरलं की हे ठिपके धरतात. अनघा, तू तुझ्या झाडाचं बाळंतपण स्पिरिटने पुसून काढलंस.

रागावू नकोस. तुझ्या आधी हे काम फार मोठ्या पदावरच्या माणसाने केलं आहे, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत.

तेव्हा आपलं राज्य मध्य भारत होतं. इंदूर आणि ग्वाल्हेर ही दोन मोठी संस्थानं आणि आसपासची लहानसहान एकत्र बांधून ते केलेलं. दोघांचीही समजूत राहावी म्हणून सरकार उन्हाळ्या-पावसाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. माझे वडील, नाना, सचिवालयात होते. पावसाळा संपत आला की नानांचा होल्डॉल माळ्यावरून खाली उतरे, आत्या त्यात नॅप्थलीनच्या गोळ्या टाकी, आणि दिवाळीनंतर घरात आम्ही दोघीच उरू. आई मला आठवत नाही. आत्यानेच वाढवलं. त्यामुळे माझ्या मनात पावसाळा म्हणजे नाना घरी असण्याचे दिवस. भुट्ट्याचा कीस शिजत असे, त्यात वरून लिंबू पिळताना नाना म्हणत, "ग्वाल्हेरवाल्यांना ह्यातलं काही कळत नाही." नाना ग्वाल्हेरला जाऊन काय म्हणत असत, ते मला ठाऊक नाही.

दोन राज्यांची खाती एक झाली तेव्हा माणसंही एकमेकांत मिसळली, आणि कोण कोणाहून वरिष्ठ ह्यावर फार रण माजलं. त्या रणातून आमच्या कॉलेजला वनस्पतिशास्त्राचे एक प्रमुख मिळाले. आधीचे प्राध्यापक ग्वाल्हेरला गेले आणि हे शेतकी खात्यातून आले. आम्ही त्यांना मोठे सर म्हणत असू. अजूनही नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं ह्याच शहरात आहेत. माणूस विद्वान होता, पण गव्हावरच्या तांबेऱ्याचा. तांबेरा म्हणजे गव्हाच्या पानावर येणारी तांबूस भुकटी, इकडे त्याला गेरुआ म्हणतात. तीही बुरशीच्या बीजाणूंचीच भुकटी. तरुणपणी त्यांनी माळव्यात शिवारंच्या शिवारं त्या भुकटीने बसलेली पाहिली होती. त्यानंतर त्यांना पानावर तपकिरी काही दिसलं की हात आपोआप कात्रीकडे जाई. ह्यात त्यांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. माझी तक्रार पुढची आहे.

बी.एस्सी.च्या त्या वर्गात मुली दोनच, मी आणि विमल. उजव्या हाताचा पहिला बाक आमचा, आणि आमच्या मागचा बाक नेहमी रिकामा ठेवलेला, जणू मुलींची लागण होते. विमल आडा बाजारातली, लांब वेणी, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या भिंतीला लागेल असा.

श्रावणात सरांनी पातालपाणीची सहल जाहीर केली. धबधब्याच्या कडेकपारीला फर्न, मॉस, भुईछत्रं, सगळं त्याच दिवसांत मिळतं. जाहीर करून झाल्यावर ते आमच्या बाकाकडे न बघता म्हणाले, "लेडीज के लिए बोर्ड पर बना देंगे."

विमल उभी राहिली. "सर, आम्हाला बोर्ड नको. आम्हाला धबधबा पाहिजे."

मागून कोणीतरी म्हणालं, "भिया, छाता कौन पकड़ेगा?" आणि वर्ग हसला. सरही हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. एखाद्या गोष्टीला नकार देताना निदान कारण द्यावं, हसू देऊ नये, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

मुलं महूच्या पुढे रेल्वेने गेली आणि संध्याकाळी चिखलाने भरून परत आली. दुसऱ्या दिवशी लांब टेबलावर ओल्या पोत्यातून फर्न ओतलं गेलं. तो वास मला अजून कोणत्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे. ओली माती, कुजलेलं पान, आणि त्यात काकडी चिरल्यासारखा हिरवा गारवा. मोठे सर टेबलाच्या टोकाशी बसले आणि पानं निवडायला लागले, आत्या तांदूळ निवडत असे तशी. स्वच्छ पान इकडे, ठिपक्यांचं पान खाली टोपलीत. स्वच्छ पानं वर्तमानपत्रात दाबायची, वाळवायची, कार्डाला चिकटवायची आणि कपाटात लावायची. ठिपक्यांची पानं जाळायची.

माझ्याकडे लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात ठिपक्याचा आडवा छेद मोठा करून काढलेला होता. हीच आकृती सरांनी आदल्या आठवड्यात बोर्डावर काढली होती, जेवायच्या ताटाएवढी, सुबक, नावं देऊन. पण बोर्डावरचं ताट आणि पानावरची मोहरी ह्या दोन्ही एकच गोष्टी आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी चित्र शिकवलं होतं आणि ती वस्तू ते टोपलीत टाकत होते.

"सर," विमल म्हणाली, "हे ठिपके शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीत आहेत. रोग असा ओळीत बसतो का?"

"पिवळा गेरुआ ओळीतच येतो," सर म्हणाले. "गव्हाचं पान पाहिलंय का कधी?"

हे खरं होतं. पिवळा तांबेरा पानावर शिवण घातल्यासारखा ओळीत येतो. विमलने हातातलं पान टेबलावर परत ठेवलं. एखादी खरी गोष्ट तोंड बंद करायला कशी वापरता येते, ते मी त्या दिवशी पाहिलं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

मी पुस्तक उघडून पुढे केलं. सरांनी पान न बघता पुठ्ठा पाहिला. "हे विलायतेतलं फर्न आहे, मिस. आपल्या हवेत पानावर डाग म्हणजे रोग. एक ठेवलं तर सगळं फर्न हाऊस जाईल." मग जरा मऊ आवाजात, जणू माझ्यावर कृपा करत, "ओळी-बिळी घरी भरतकामात बघा."

मायक्रोस्कोप कपाटात होता. त्याची किल्ली मुलांना मागितली की मिळे. आम्हाला सांगितलं जाई की बांगड्यांनी काचेवर चरे पडतात. विमलने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या तरी चरे पडण्याची भीती तशीच राहिली.

त्या दिवशी तिने टोपलीतली थोडी पानं उचलून वहीत घातली आणि आम्ही आमच्या घरी गेलो. नानांचं एक भिंग होतं, जुने नकाशे वाचायचं. दिवेलागणीची वेळ होती, आत्याने कंदील पुसून लावला होता, कारण पावसात वीज कधीही जाई. पान कंदिलाच्या काचेजवळ धरलं. जरा ऊब लागली आणि ठिपका हलला. पुन्हा हलला. मग पिशव्या तडातडा उलट्या वळून फुटायला लागल्या आणि कागदावर तपकिरी धूळ उडाली. आवाज नाही, पण डोळ्याला ऐकू यावं असं काहीतरी. विमल भिंग सोडेना. मी भिंग मागत होते आणि ती म्हणत होती, "थांब ना गं, अजून एक, अजून एक."

आत्या पोळपाट धुऊन आली, तिनेही वाकून पाहिलं. "हे काय, लाह्या फोडतंय की पान."

"आत्या, ह्याला आमचे सर रोग म्हणतात."

"मग त्यांच्या आईने त्यांना कधी लाह्या करून घातल्या नसतील," आत्या म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

आत्या आमच्या बाजूची होती असं समजू नका. त्याच महिन्यात मी अंगणातल्या भुईछत्राची टोपी काळ्या कागदावर ठेवून तिच्यावर वाटी पालथी घातली होती. सकाळी वाटी उचलली तर कागदावर पांढऱ्या बारीक रेषांचं चक्र उमटलं होतं, प्रत्येक रेष म्हणजे टोपीखालच्या एका पडद्यातून गळलेले बीजाणू. इतकी सुंदर रांगोळी मी माणसाच्या हातची पाहिलेली नाही. आत्याने रांगोळी पाहिली नाही. तिने पाहिली वाटी, नैवेद्याच्या दुधाची. "कुत्र्याच्या छत्रीवर देवाची वाटी?" ती वाटी चिंच आणि राख लावून दिवसभर घासली गेली, आणि माझा कागद चुलीत. त्या पावसाळ्यात सगळेच जण काही ना काही स्वच्छ करत होते.

भाद्रपदात कळलं की विद्यापीठाचे तपासनीस येणार. आमच्या कॉलेजात बी.एस्सी.चं वनस्पतिशास्त्र चालू ठेवायचं की बंद करायचं हे ते ठरवणार होते. मुलांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. बंद झालं तर ती ग्वाल्हेरला जातील, होस्टेलात राहतील, मजा करतील. मी जेवताना नानांना विचारलं.

"ग्वाल्हेरला तुम्ही असताच हिवाळ्यात. मी होस्टेलात राहिले तर?"

नानांनी कोशिंबीर वाढून घेतली. "आर्ट्सही चांगलं असतं बेबी," ते म्हणाले. "इंग्रजी घे. तुझं इंग्रजी छान आहे."

एवढंच. नाना ओरडणारे नव्हते, म्हणून ते वाक्य अधिक पक्कं होतं. विमलच्या घरी तर आर्ट्सचीही गरज नव्हती, तिच्यासाठी महूचं एक स्थळ दारात येऊन बसलंच होतं. म्हणजे वर्ग राहिला तर आम्ही दोघी राहणार, वर्ग गेला तर आम्हीच दोघी जाणार.

आणि अशा वेळी मोठ्या सरांनी फर्न हाऊस साफ करायला घेतलं. तपासनीसांना एकही रोगट पान दिसता कामा नये. कॉलेजच्या मागे बोरूच्या चटयांचं छप्पर घातलेली ती जागा होती, आत सदा ओल, विटांवर शेवाळ, कुंड्यांत दाटीवाटीने फर्न. माळ्याला हुकूम मिळाला आणि दोन दिवस कात्री चालली. ठिपके धरलेलं प्रत्येक पान गेलं. उरली ती कोवळी, निर्मळ, काही न धरलेली पानं. मागच्या अंगणात ढीग पेटवला, पण ओलं पान पेटत नाही, नुसतं धुमसत राहतं. तो कडवट धूर आमच्या वर्गात येत होता, सर त्याच धुरात फर्नचं जीवनचक्र सांगत होते, आणि आम्ही ते लिहून घेत होतो. एवढा राग मला पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा आला.

तपासनीस उंच, कमी बोलणारे, उत्तरेकडचे गृहस्थ होते. कपाटातली कार्डं त्यांनी एकेक पाहिली. सुंदर अक्षर, सरळ चिकटवलेली पानं. कार्डं संपत आली तशी त्यांची भुवई वर गेली. मग ते फर्न हाऊसमध्ये आले, पानं उलटून पाहायला लागले. आम्ही सगळे दाराशी.

"फर्टाइल पत्ता दिखाइए," ते म्हणाले.

मोठे सर पुढे झाले. "सर, हमारे यहाँ एक भी पत्ता बीमार नहीं है." ते हे अभिमानाने म्हणाले.

तपासनीसांनी हातातलं पान सोडलं. "मैं बीमार नहीं पूछ रहा. जिस पर स्पोर लगते हैं, वह पत्ता. एक भी नहीं है तो आप पढ़ाते क्या हैं?"

पावसाचं पाणी चटईतून टपकत होतं. विमलने माझ्या कोपराला ढोसलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "हंसराज."

कोपऱ्यात, नळाच्या मागे, हंसराज होता. तुम्ही तो आपल्या जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतीला पाहिला असेल, काळ्या तारेसारखे देठ आणि हिरव्या टिकल्यांसारखी पानं. त्याचे ठिपके पाठीवर उघडे नसतात. पानाची कड आत दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली बीजाणू असतात, पदराच्या टोकात काहीतरी बांधून ठेवावं तसे. पुस्तकात ह्यावर एकच ओळ होती, ती मी वाचलेली होती. वरून बघणाऱ्याला पान स्वच्छच दिसतं. म्हणून माळ्याची कात्री त्याच्यापाशी थांबली नव्हती.

मी एक डहाळी तोडली, केसातला आकडा काढला आणि त्याच्या टोकाने कड उलगडली. आत तपकिरी रांग होती, भरलेली. तपासनीसांनी खिशातलं भिंग लावलं. बराच वेळ ते वाकूनच होते. मग म्हणाले, "ठीक है." आणि माझ्याकडे पाहून, "किसने सिखाया?"

मी तोंड उघडलं होतं. मोठ्या सरांचं आधी उघडलं. "हमारी लड़कियों की ट्रेनिंग पर हम विशेष ध्यान देते हैं."

वर्ग राहिला. आम्ही राहिलो. सरांचा सत्कार झाला, आणि त्यात स्टेजवर ठेवायला कुंड्या कोणी वाहिल्या ते सांगत नाही. पण ह्याहून वरची गोष्ट पुढच्या पावसाळ्यात घडली. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो, आणि शेजारच्या वर्गात नव्या मुलांना सर फर्न शिकवत होते. दार उघडं होतं. बोर्डावर पान होतं, शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीत ठिपके. आणि सर म्हणत होते, "ह्याला रोग समजू नका. पुष्कळ मुली समजतात."

विमल तिथेच व्हरांड्यात खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. मी हसले नाही. आजही हसत नाही. तिचं आणि माझं ह्यावर आयुष्यभर एकमत झालं नाही. ती म्हणे, "अगं, पण शिकले ना ते?" मी म्हणे, शिकले, पण आपल्या दोघींच्या नावावर चूक टाकून शिकले.

आत्याला मी तेव्हा सगळं सांगितलं होतं, हंसराजचं, दुमडलेल्या कडेचं. ती फार खूश झाली. "बघ," म्हणाली, "झाकून ठेवलं म्हणून वाचलं. बाईने असंच राहावं. शिकायचं ते शिक, पण कड दुमडून ठेव." तिने हे प्रेमाने सांगितलं. तिच्या आयुष्याचा तोच अनुभव होता. पुढे मला हे कितीतरी जणींनी, कितीतरी प्रेमाने सांगितलं. शाळेत नोकरी करताना मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, सासरी थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं. हंसराजची गोष्ट ऐकली की सगळ्यांना तेच शहाणपण सुचतं, आणि मला दरवेळी तोच संताप येतो. हंसराज दुमडतो कारण त्याची घडण तशी आहे. बाकीच्या फर्नचा काय गुन्हा होता? ती उघडी होती, ओळीत होती, कोणालाही दिसत होती. त्यांनी झाकायला शिकायचं नव्हतं. कात्रीने आधी बघायला शिकायचं होतं.

म्हणून तुम्हाला ही गोष्ट त्या शहाणपणाशिवाय सांगते आहे. अनघा, तुझ्या ऑफिसात मीटिंगमध्ये तू जे म्हणतेस ते दहा मिनिटांनी दुसरं कोणी म्हणतं आणि मग ते सगळ्यांना पटतं, असं तू दिवाळीला सांगत होतीस. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण माझ्या तोंडून आत्याचंच वाक्य निघेल की काय अशी मला भीती वाटली. आता सांगते. कड दुमडू नकोस. आणि निखिल, तू काही न विचारता "कापून टाक" म्हणालास. सरांसारखा तुलाही गव्हाचा तांबेरा माहीत असेल. पान उलटून नीट पाहिलं होतंस का, एवढं सांग.

विमलचं लग्न महूलाच झालं. परीक्षा तिने दिली, पुढचं शिक्षण तिला मिळालं नाही, आणि ह्या गोष्टीवर हसताना मी तिला कधी पाहिलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिने नवऱ्याला पातालपाणीला नेलं. तो बिचारा छत्री धरून उभा राहिला आणि ती काठावर बसून खुरप्याने फर्न काढत होती, हे तिने मला अनेकदा रंगवून सांगितलं. "छाता किसने पकड़ा?" असं म्हणून ती टाळी मागे. त्यातलं अर्धं तिने माझ्यासाठी आणलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, महूच्या गाडीतून मांडीवर धरून.

त्यानंतर आम्ही घरं बदलली. भाड्याच्या खोल्या झाल्या, राऊला काही वर्षं काढली, मग सुदामा नगरचं हे घर बांधलं. मध्य भारत कधीच संपलं, सरकार भोपाळला गेलं, नाना आणि आत्या गेले. ते फर्न हाऊस पाडून तिथे सायकल स्टँड झाला, आता काय आहे मला माहीत नाही. विमलला जाऊनही काही पावसाळे झाले.

तिने आणलेलं फर्न मागच्या गॅलरीत आहे, उत्तरेच्या भिंतीला, तुमच्या आजोबांच्या जुन्या पितळी बादलीत. ह्या आठवड्यात त्याला ठिपके आले आहेत, पानाच्या पाठीवर, उघडे, दोन ओळींत.